यादी: टेलिफोन डिरेक्टरीतून सुरू झालेली गोष्ट

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना इयरफोन लावून ऐकायला जमत नाही, किंवा महिनाअखेरीला ज्यांचा डेटा संपलेला असतो, त्यांच्यासाठी. बोलताना मी जिथे जिथे 'अं... अं...' केलं ते काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.

आज इतिहासाकडे जाण्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हा एपिसोड करणं मला खोटेपणाचं वाटलं असतं.

दोन वर्षांपूर्वी, निवडणुकांच्या आधी, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला बोलावलं. ठाण्याच्या पलीकडची, दीड-दोनशे फ्लॅट्सची साधी सोसायटी आहे आमची. काका म्हणाले, "तू आयटीतला ना? रजिस्टर एक्सेलमध्ये आहे, त्यातून जरा बाहेरचे वेगळे काढून दे. एका पक्षाची मंडळी मागतायत." मी विचारलं, "बाहेरचे म्हणजे?" काका म्हणाले, "अरे, आडनावावरून कळतंच की."

मी केलं. खरं सांगतो, मनात प्रश्नसुद्धा आला नाही. आडनावांचा कॉलम सॉर्ट केला, एक नवीन कॉलम टाकला, काही ओळी पिवळ्या केल्या. दहा-बारा मिनिटांचं काम. वर काकांनी चहा पाजला.

त्या पिवळ्या ओळींमध्ये एक शेख होते. मूळचे रत्नागिरीचे, मराठी बोलतात ती माझ्यापेक्षा कितीतरी गोड. एक अय्यर काकू होत्या, ज्यांचा जन्म माटुंग्याचा आणि ज्या दर गणपतीत आरतीचा ठेका धरतात. आणि एक जोशी मात्र पिवळे झाले नाहीत, कारण आडनाव 'आपलं' होतं. ते जोशी उत्तराखंडचे निघाले! माझा फिल्टर असा होता.

तीन महिन्यांनी शेख कुटुंबाचा भाडेकरार संपला आणि पुढे वाढवला गेला नाही. मालक म्हणाले, "माझं काही नाही हो, पण उगाच कटकट नको." टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खाली गेलो नाही.

तर मंडळी, आजचा विषय आहे यादी. राजकीय पक्ष 'आपले' आणि 'परके' अशी भाषा वापरतात, तेव्हा त्या भाषेचं पुढे काय होतं. आणि उदाहरण दूरचं नाही घेणार, आपल्याच मुंबईचं घेणार. सुरुवातीलाच सांगतो, हा आजच्या कुठल्या पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार नाही. ज्यांना मेसेजमध्ये शिव्या द्यायच्या आहेत त्यांनी निदान शेवटपर्यंत ऐकून द्याव्यात.

राज्य मिळालं, नोकरी नाही मिळाली

१ मे १९६०. महाराष्ट्र राज्य झालं, मुंबई राजधानी झाली. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी जीव दिला होता, हुतात्मा चौक त्यांच्याच नावाने आहे. लोकांच्या मनात साधा हिशोब होता: राज्य आपलं, शहर आपलं, आता आपले दिवस येणार.

पण १९६१ ची जनगणना बघा. बृहन्मुंबईची लोकसंख्या साधारण साडेएकेचाळीस लाख. त्यात मराठी मातृभाषा असलेले सुमारे ४३ टक्के. म्हणजे ज्या शहरासाठी लढा दिला त्या शहरात मराठी माणूस सगळ्यात मोठा गट होता, पण निम्म्याहून कमी. पाचातला जवळपास एक माणूस गुजराती बोलणारा होता. आणि दक्षिणेच्या चारही भाषा, म्हणजे तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड मिळून? दहा टक्केसुद्धा नाहीत.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता हे दक्षिणेचे लोक मुंबईत आले कधी? काही एका रात्रीत आलेले नव्हते. माटुंगा, किंग्ज सर्कल, चेंबूर हे भाग आधीपासून भरत आले होते. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९३२ ची. माटुंग्याचं रामा नायकांचं प्रसिद्ध उडपी भोजनगृह १९४२ चं. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, खासगी ऑफिसं वाढत होती आणि तिथे हवे होते इंग्रजी येणारे, टायपिंग आणि शॉर्टहँड येणारे कारकून. मद्रास इलाख्यात इंग्रजी शिक्षण आधीपासून पसरलेलं. त्यामुळे तिकडची मॅट्रिक झालेली पोरं शॉर्टहँड शिकून गाडीत बसायची आणि मुंबईला उतरायची. आज आपण कोडिंगचा कोर्स करून बंगलोर-हैदराबादला जातो ना? अगदी तसंच.

त्याच वेळी मराठी घरांतली पहिली एसएससी झालेली पिढी नोकरी शोधत होती. बाप गिरणीत, मुलाला मात्र टेबल-खुर्चीची नोकरी हवी होती. माझे आजोबा त्यातलेच. गिरगावात चाळीत राहायचे. फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्टच्या जागेसाठी गेले. तिथल्या साहेबाने, जो दक्षिणेकडचा होता, आपल्याच गावाकडच्या मुलाला घेतलं. आजोबांचा स्पीड जास्त होता, असं ते मरेपर्यंत सांगायचे. मला ते खरं वाटतं. वशिला कुणीही लावू शकतं आणि तेव्हा लागतही होता.

म्हणून हे आधी मान्य करूया: राग हवेतून आलेला नव्हता. माणसं खरंच बेकार होती आणि काही ठिकाणी खरंच डावलली जात होती. पुढे जे झालं ते त्या रागाचं काय केलं गेलं, याची गोष्ट आहे.

'वाचा आणि थंड बसा'

१३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' नावाचं व्यंगचित्र साप्ताहिक निघालं. काढणारे बाळ ठाकरे आणि त्यांचे भाऊ श्रीकांत ठाकरे. प्रकाशन कुणाच्या हस्ते? तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. बाळासाहेब आधी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते. रेषा जबरदस्त, विनोद बोचरा. 'मार्मिक' घराघरात गेलं.

साधारण १९६५ च्या सुमारास 'मार्मिक'मध्ये एक सदर सुरू झालं. त्यात लेख नव्हता, चित्र नव्हतं. नुसती नावं! टेलिफोन डिरेक्टरीतून आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या याद्यांमधून काढलेली नावं. अमुक कंपनीत अधिकारी कोण, तमुक ऑफिसात कोण. एकाखाली एक दक्षिणी आडनावं. वर मथळा: 'वाचा आणि थंड बसा'. पुढे तो बदलून झाला 'वाचा आणि उठा'.

मी डेटाशी संबंधित काम करतो, त्यामुळे मला ही युक्ती एकदम ओळखीची वाटते. यादी खोटी असायची गरज नसते. सगळी नावं खरी असतात. खेळ असतो तो यादीत काय घेतलं आणि काय सोडलं यात. त्या कंपनीत एकूण माणसं किती? त्यात मराठी किती? अर्ज किती जणांनी केले होते? मालक कोण? यातलं काहीच यादीत नसायचं. नुसता अंश दाखवायचा, छेद गाळायचा. शाळेतल्या गणितात असं केलं तर शून्य मार्क मिळतात. राजकारणात असं केलं की सभा भरते.

आणि यादीची दुसरी गंमत म्हणजे ती वाचणाऱ्याला वाटतं, निष्कर्ष मी स्वतः काढला. कुणी तुम्हाला सांगितलेलंच नाही की हे लोक चोर आहेत. तुम्ही नावं वाचता, आपली नाकारलेली नोकरी आठवता आणि दोन टिंबं तुमची तुम्हीच जोडता. माझ्या आजोबांनी जोडली. ते म्हणायचे, "वाचून थंड बसवत नव्हतं रे."

भाषणातून रस्त्यावर

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. नाव सुचवलं प्रबोधनकार ठाकऱ्यांनी. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर पहिला मोठा मेळावा झाला. मैदान भरून वाहिलं. मागणी होती की ८० टक्के नोकऱ्या मराठी माणसाला मिळाव्यात. मागणी म्हणून यावर वाद घालता येतो, कायद्यात बसवायचा प्रयत्न करता येतो. पण मागणीच्या सोबतीला घोषणा होती: 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'. दक्षिणेच्या माणसाच्या भाषेची 'यंडुगुंडू' म्हणून टिंगल होती.

बघा हं, इथे काय झालं. मागणी नोकरीची, आणि घोषणा लुंगीची. लुंगीचा आणि टायपिस्टच्या जागेचा काय संबंध? पण वशिलेबाजीविरुद्ध घोषणा देऊन माणूस हसत नाही. लुंगीवर हसतो. आणि एकदा का आपण एखाद्याच्या कपड्यांवर, बोलण्यावर, जेवणावर एकत्र हसलो, की मग त्याच्या हॉटेलवर दगड पडला तरी फारसं काही वाटत नाही. दगड पडलेच. उडपी हॉटेलं फुटली. ज्या उडपीवाल्याने चाळीतल्या पोरांना उधारीवर इडली दिली होती, त्याच्याच काचा. त्या माणसाने कुणाची नोकरी घेतली होती? त्याने तर दहा जणांना कामाला ठेवलं होतं.

आता तो आकडा आठवा. दहा टक्क्यांहून कमी. शहराचं भांडवल, कापड बाजार, गिरण्या, जमिनी यात दक्षिणेचे लोक फारसे नव्हतेच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बोट भांडवलदारांकडे होतं. १९६६ मध्ये ते बोट शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे वळलं. का? अभ्यासकांनी यावर बरंच लिहिलंय. मेरी कॅटझेनस्टीन आणि दीपांकर गुप्ता यांची पुस्तकं जरूर शोधा. मला पटणारं उत्तर सोपं आहे: गिरणीमालक तुम्हाला रोज दिसत नाही, कारकून दिसतो. आणि कारकून उलटून फार काही करू शकत नाही.

शिवसेनेला याचा राजकीय फायदा झाला का? झाला. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन उभे होते. माजी संरक्षणमंत्री, मूळचे केरळचे. काँग्रेसने तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष. शिवसेनेने काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांच्या बाजूने जोर लावला, मेनन 'बाहेरचे' म्हणून. मेनन हरले. गंमत म्हणजे मेनन यांच्या प्रचाराला कोण उतरलं होतं? आचार्य अत्रे! संयुक्त महाराष्ट्राचा सगळ्यात मोठा आवाज. मराठी बाणा असला की परक्याचा द्वेष करावाच लागतो असं कुणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण सांगा.

१९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ४२ जागा जिंकल्या. सोबतीला होता प्रजा समाजवादी पक्ष, हे आज कुणाला सांगून खरं वाटत नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने शिवसेनेकडे इतकी डोळेझाक केली, की विरोधक तिला 'वसंतसेना' म्हणायचे. कारण कम्युनिस्टांच्या कामगार संघटना कुणालातरी मोडून हव्या होत्या. म्हणजे द्वेषाची भाषा एक पक्ष बोलतो, पण तिला वाट करून देणारे बाकीचेही असतात.

न्यायाने हेही सांगायला हवं की शिवसेना म्हणजे फक्त हे नव्हतं. शाखेत गेलं की नळाचं काम व्हायचं, रुग्णवाहिका मिळायची, पोरीच्या शाळेचा दाखला मिळायचा. आमच्या घरात आजही शाखेबद्दल आदराने बोलतात. म्हणूनच ही गोष्ट सोपी नाही.

दगड परतून घरात

फेब्रुवारी १९६९. बेळगाव-कारवारच्या सीमाप्रश्नावर शिवसेनेचं आंदोलन. तेव्हाचे उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले, त्यांची गाडी अडवायचा प्रयत्न झाला आणि मग अनेक दिवस शहर पेटलं. पन्नासहून अधिक माणसं मेली. पुन्हा दुकानं, पुन्हा उडपी हॉटेलं. पोलिसांच्या गोळीबारात मेलेल्यांमध्ये मराठी पोरं होती. सीमाभाग आजही तिथेच आहे.

आणि मग ५ जून १९७०. लालबागमध्ये कृष्णा देसाई यांचा खून झाला. कम्युनिस्ट पक्षाचे आमदार, गिरणगावातले, कामगारांचे लाडके. खटल्यात शिवसेनेशी संबंध असलेले तरुण दोषी ठरले. पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनी हरल्या. जिंकले वामनराव महाडिक, शिवसेनेचे पहिले आमदार.

जरा थांबा इथे. कृष्णा देसाई कोण होते? मराठी. मारणारे कोण? मराठी. लुंगीवाल्याला हटवायला निघालेली भाषा चार वर्षांत लालबागच्या मराठी माणसापर्यंत पोचली होती. तेव्हा 'परका' या शब्दाचा अर्थच बदलला होता. आधी परका म्हणजे दक्षिणेचा, मग परका म्हणजे लाल बावट्याचा.

पुढेही अर्थ बदलतच गेला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात रोख मुसलमानांकडे गेला. १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक झाली, त्यातली भाषणं कोर्टात गेली. ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टाने त्या निवडणुकीतले विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड रद्द झाल्याचा निर्णय कायम ठेवला. धर्माच्या नावावर मतं मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरला. पुढे बाळासाहेबांचाही मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मध्ये धर्म, वंश, जात, समाज आणि भाषा, सगळं लिहिलंय. हो, भाषासुद्धा. पण बघा, भाषणं १९८७ ची आणि निकाल १९९५ चा. मधल्या आठ वर्षांत काय काय होऊन गेलं!

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या मुंबईतल्या दंगली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. आयोगाने शिवसेनेच्या नेत्यांवर आणि त्यांच्या दैनिकातल्या लिखाणावर स्पष्ट ठपका ठेवला. तेव्हाच्या युती सरकारने तो अहवाल फेटाळला.

त्या अहवालातला एक तपशील वाचला आणि मी लॅपटॉप बंद केला. आयोगाने नोंदवलंय की हल्ले आखणी करून झाले, आणि हल्ला करणाऱ्यांच्या हातात दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या.

याद्या. कुणीतरी बसून त्या केल्या असतील ना? कुणीतरी आडनावं बघितली असतील. ज्याने केली त्याने कदाचित कुणालाही मारलं नसेल. कदाचित त्यालाही कुणीतरी चहा पाजला असेल.

त्याच वर्षी, सात समुद्रापार

आता जरा विषय बदलतो, पण फार नाही. १९६८ मध्ये मुंबईत मद्रासी लोकांना 'चालते व्हा' म्हटलं जात होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'चालते व्हा' कुणाला म्हटलं जात होतं माहितीये? आपल्याला. भारतीयांना. पंजाबी, गुजराती, मराठी, तमिळ असा भेद न करता.

सुरुवात त्याआधीच झाली होती. १९६४ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गावात निवडणूक झाली. तिथल्या ओतशाळांमध्ये पंजाबी कामगार मोठ्या संख्येने होते. 'काळा शेजारी हवा असेल तर लेबर पक्षाला मत द्या' अशा अर्थाची, शिवी घातलेली घोषणा गावभर फिरली. देशभर लेबर पक्ष जिंकला, पण स्मेथिकमध्ये हरला, आणि हरला तो कोण? परराष्ट्रमंत्री होणार म्हणून ज्यांचं नाव ठरलेलं ते पॅट्रिक गॉर्डन वॉकर. १२ फेब्रुवारी १९६५ ला माल्कम एक्स मुद्दाम स्मेथिकची मार्शल स्ट्रीट बघायला गेले. त्यानंतर नऊच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला.

मग २० एप्रिल १९६८. खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये भाषण केलं: हे बाहेरचे लोक असेच येत राहिले तर देशात रक्त वाहील, अशा आशयाचं. त्यात त्यांनी एका गोऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली, जिला म्हणे तिच्या गल्लीतली काळी पोरं छळायची. पत्रकारांनी तेव्हा गाव धुंडाळलं, ती बाई सापडली नाही. दुसऱ्याच दिवशी पक्षाने पॉवेल यांना पदावरून काढलं. पण तीन दिवसांनी लंडनचे गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर मोर्चा घेऊन गेले. गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक पॉवेल यांच्याशी सहमत निघाले. आणि हेच पॉवेल १९६० ते १९६३ आरोग्यमंत्री होते! त्याच काळात ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत भारत-पाकिस्तानातून डॉक्टर आणि वेस्ट इंडीजमधून नर्स येत होत्या.

मुंबईत यादी, तिकडे म्हातारीची गोष्ट. पण काम एकच. मुंबईच्या बेकार पोराला आणि लंडनच्या गोदी कामगाराला दोघांनाही एकच सांगितलं गेलं: तुझ्या अडचणीला एक चेहरा आहे आणि तो तुझ्या गल्लीत राहतो.

आपल्यापैकी किती जण आज व्हिसाच्या रांगेत आहेत? मी स्वतः प्रोजेक्टसाठी सहा महिने इंग्लंडला होतो. बस स्टॉपवर एका माणसाने मला विचारलं, "तुमच्याकडे नोकऱ्या नाहीत का?" मी हॉटेलवर येऊन आईला फोन केला आणि फार चिडलो. आता वाटतं, तो माणूस पिवळ्या ओळीच बघत होता. फक्त यावेळी त्या ओळीत माझं आडनाव होतं.

मग नोकऱ्या मिळाल्या का?

हा प्रश्न एपिसोडच्या आधी कट्ट्यावर मित्राने विचारला. रास्त प्रश्न आहे. "बोलण्याचं सोड, मराठी पोरांना फायदा झाला की नाही?"

झाला, पण कशाने ते बघा. सत्तरच्या दशकात सुधीर जोशी वगैरे मंडळींनी स्थानीय लोकाधिकार समितीचं काम उभं केलं. बँका, विमा कंपन्या, विमान कंपनी अशा ठिकाणी जाहिरातींवर लक्ष ठेवायचं, मराठी मुलांकडून अर्ज भरून घ्यायचे, परीक्षेची तयारी करून घ्यायची, भरतीत डावललं तर व्यवस्थापनाशी भांडायचं. यात दबाव होता, कधी दांडगाईही होती. पण ज्या घरांमध्ये नोकरी आली त्यांना विचारा, ते फॉर्म आणि अभ्यासवर्ग आठवतात. उडपी हॉटेलाची काच फोडून बँकेत कुणी लागलं नाही.

आणि दुसरी बाजू. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. जवळपास अडीच लाख कामगार. त्यात बहुसंख्य मराठी, कोकणातले, घाटावरचे. तो संप कधी मागे घेतला गेलाच नाही, तो विरून गेला आणि गिरण्याही गेल्या. मुंबईत मराठी माणसाच्या एवढ्या नोकऱ्या एकगठ्ठा आधी कधी गेल्या नव्हत्या. कुणी घालवल्या? माटुंग्याच्या स्टेनोग्राफरने नाही. मालक, सरकार, जमिनीचे भाव, जुनी यंत्रं, संघटनांची भांडणं, सगळं त्यात होतं. पण यातल्या कशाचीच यादी कधी छापून आली नाही.

२००८ मध्ये तेच चित्र पुन्हा दिसलं. नवा पक्ष, महाराष्ट्र नवनिर्माण सेना. नवे परके, उत्तर भारतीय. टॅक्सीवाले, भेळवाले, आणि त्या ऑक्टोबरमध्ये रेल्वे भरतीची परीक्षा द्यायला आलेली पोरं. हॉलतिकीट हातात घेतलेल्या, आपल्याच वयाच्या पोरांना मारहाण झाली. रेल्वे भरतीची जाहिरात मराठी पेपरात नीट येत नाही, ही तक्रार खरी होती. पण जाहिरात कुठे द्यायची हे त्या पोरांनी ठरवलं नव्हतं.

माझी एक्सेल शीट

घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही राहायचा हक्क दिलाय. हे आपण नागरिकशास्त्रात शिकलोय, चार मार्कांना. पण त्या कलमाची खरी परीक्षा कोर्टात कमी आणि सोसायटीच्या ऑफिसात जास्त होते, जिथे कुणीतरी म्हणतं, "आडनावावरून कळतंच की."

मराठीचा अभिमान मी सोडलेला नाही. हा पॉडकास्ट मी मराठीत करतो, बँकेत मराठीत बोलतो, मराठी शाळा बंद पडतात तेव्हा मला त्रास होतो. मराठी पोराला नोकरी मिळावी म्हणून भांडावं, जरूर भांडावं. पण तुमच्या हातात एखादी यादी आली, मोबाइलवर फॉरवर्ड म्हणून आली, तर तीन प्रश्न विचारा. छेद कुठे आहे? या यादीत कोण नाही? आणि यादी घेऊन पुढे नक्की काय करायचंय?

एपिसोड रेकॉर्ड करायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. सेक्रेटरी काकांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, तो पिवळा कॉलम मी माझ्याकडून उडवलाय. तुमच्याकडूनही उडवा. पुन्हा कुणी मागितला तर मी करून देणार नाही." काका हसले. म्हणाले, "अरे, ती फाइल तेव्हाच पुढे गेली." हेच तर असतं मंडळी. यादी परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट. शेख काकांना फोन केला. ते आता मुंब्र्याला राहतात. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू केलीस होय ती यादी? बरा मुलगा आहेस म्हणून हाताखाली घेतलं असेल तुला." माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मी मागितलीही नाही, हिंमत झाली नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाले, "आंब्याच्या दिवसांत ये. रत्नागिरीहून पेटी येते."

मी जाणार आहे. तिथे काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुमच्या घरात, चाळीत, ऑफिसात अशी एखादी यादी झाली असेल, तुम्ही ती केली असेल किंवा तुमचं नाव तिच्यात आलं असेल, तर मला लिहा. नाव न छापता पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये वाचेन. भेटू पुन्हा. काळजी घ्या, आणि शेजाऱ्याची पण घ्या.